शुद्धता, मेद आणि विकर : हृदयाच्या तंतुकणिकांतील एका पटलबद्ध विकराच्या अभ्यासाचा इतिहास (१९६०–२०००)

प्रस्तावना

जीवरसायनशास्त्राच्या इतिहासात ‘शुद्धीकरण’ या शब्दाला केवळ तांत्रिक अर्थ नाही. पेशीतील असंख्य पदार्थांमधून एखादा पदार्थ वेगळा काढावयाचा, तो एकटा असताना काय करतो ते पाहावयाचे आणि त्यावरून जिवंत पेशीतील त्याच्या कार्याविषयी अनुमान बांधावयाचे, ही या शास्त्राची मूलभूत रीत राहिली आहे. १८९७ मध्ये एडुआर्ट बुखनर यांनी यीस्टच्या पेशी चिरडून काढलेल्या रसातही किण्वन घडते हे दाखविले आणि या रीतीचा पाया घातला गेला. १९२६ मध्ये जेम्स सम्नर यांनी युरिएज या विकराचे स्फटिक मिळविले. विकर म्हणजेच एन्झाइम हे प्रथिन असते, हा विचार त्यानंतर रुजत गेला. त्याबरोबर शुद्धतेची एक कसोटीही निश्चित झाली. द्रावण स्वच्छ असावे, त्यात एकच प्रथिन असावे आणि शक्य झाल्यास त्याचे स्फटिक मिळावेत, अशी ती कसोटी होती.

पाण्यात सहज विरघळणाऱ्या विकरांना ही कसोटी उत्तम रीतीने लागू पडली. परंतु पेशीतील अनेक महत्त्वाची विकरे पाण्यात मोकळी नसतात. ती मेद आणि प्रथिने यांनी बनलेल्या पातळ पटलांत रुतलेली असतात. अशा विकरांच्या बाबतीत ‘शुद्ध’ कशाला म्हणावे, हा प्रश्न विसाव्या शतकाच्या मध्यावर तीव्रतेने पुढे आला. मेद पूर्णपणे काढला तर विकर निष्क्रिय होते आणि मेद राहू दिला तर ते अशुद्ध ठरते, असा हा पेच होता.

प्रस्तुत लेखात या पेचाचा मागोवा बीटा-हायड्रॉक्सिब्युटिरेट डीहायड्रोजनेज या एका विकराच्या इतिहासातून घेतला आहे. पुढे सोयीसाठी त्याचा उल्लेख ‘बीडीएच’ असा केला आहे. गाईबैलांच्या हृदयापासून मानवी जनुकापर्यंतचा या विकराचा सुमारे चाळीस वर्षांचा प्रवास पाहिला असता एक गोष्ट ध्यानात येते. मेद हा प्रारंभी अडथळा मानला गेला हे खरे आहे. तथापि त्याचे महत्त्व सिद्ध झाले ते शुद्धीकरणाचा आग्रह सोडून दिल्यामुळे नव्हे, तर तो आग्रह शेवटपर्यंत नेल्यामुळे.

१. अविद्राव्य कणांचा प्रश्न

पेशीच्या श्वसनाचा अभ्यास करणाऱ्यांना ही अडचण फार लवकर जाणवली होती. १९१३ मध्ये ऑटो वारबुर्ग यांनी यकृताच्या पेशींपासून मिळविलेल्या अर्काचे परीक्षण केले, तेव्हा ऑक्सिजन वापरण्याची क्रिया द्रवातील बारीक कणांशी निगडित असल्याचे त्यांना आढळले. गाळणीतून पार जाणाऱ्या स्वच्छ द्रवात ती क्रिया पुरेशी सापडत नव्हती. केंब्रिज येथे डेव्हिड केलिन यांनी १९२५ मध्ये सायटोक्रोमविषयीचा आपला प्रसिद्ध निबंध लिहिला. पुढे त्यांनी व एडवर्ड हार्ट्री यांनी हृदयाचे स्नायू बारीक वाटून व वारंवार धुऊन एक मिश्रण तयार केले. हे मिश्रण गढूळ होते. सम्नर यांच्या कसोटीवर ते कदापि शुद्ध ठरले नसते. परंतु श्वसनसाखळीतील क्रिया त्यात व्यवस्थित घडत असत.

हे कण म्हणजे नेमके काय, याचे उत्तर मिळण्यास आणखी काही वर्षे लागली. कार्ल बेंडा यांनी १८९८ मध्येच पेशीतील तंतूसदृश कणांना ‘मायटोकाँड्रिया’ हे नाव दिले होते. मराठी पाठ्यपुस्तकांत त्यांना तंतुकणिका म्हटले जाते. १९४८ मध्ये न्यूयॉर्क येथील रॉकफेलर संस्थेत जॉर्ज होगेबूम, वॉल्टर श्नायडर व जॉर्ज पालादे यांनी साखरेच्या द्रावणात यकृत वाटून, वेगवेगळ्या गतींनी केंद्रोत्सारी यंत्रात फिरवून, तंतुकणिका अखंड अवस्थेत वेगळ्या केल्या. त्याच सुमारास यूजीन केनेडी व आल्बर्ट लेनिंजर यांनी मेदाम्लांचे ऑक्सिडीकरण आणि त्याच्याशी जोडलेली ऊर्जानिर्मिती तंतुकणिकांत होते हे दाखविले. वारबुर्ग यांच्या कणांना अशा रीतीने पत्ता मिळाला. पालादे यांच्या इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शकीय चित्रांतून या कणिकांच्या आत घड्या पडलेले आंतरपटल असल्याचेही स्पष्ट झाले.

आता प्रश्न असा होता की, या पटलातील विकरे बाहेर कशी काढावयाची? यासाठी पित्तक्षारांसारखे प्रक्षालक उपयोगी पडले. प्रक्षालकाच्या रेणूचे एक टोक पाण्याकडे आणि दुसरे मेदाकडे ओढले जाते. त्यामुळे तो पटलात शिरून प्रथिनाभोवतीचा मेद दूर सारतो व त्याची जागा घेतो. जपानमध्ये ओकुनुकी व त्यांच्या सहकाऱ्यांनी १९४० च्या सुमारास कोलेट या पित्तक्षाराच्या साहाय्याने श्वसनसाखळीतील घटक विरघळविले. तथापि या पद्धतीत एक अंगभूत दोष होता. पटलातून सुटून आलेले प्रथिन आपल्याबरोबर थोडा मूळचा मेद आणि थोडा प्रक्षालक घेऊन येत असे. अशा मिश्रणात विकर निष्क्रिय झाले तर ते मेद गेल्यामुळे की प्रक्षालकामुळे, हे सांगणे कठीण असे. ते सक्रिय राहिले तरी त्याचे श्रेय प्रथिनाला द्यावे की उरलेल्या मेदाला, याचा निर्णय होत नसे.

२. मॅडिसन येथील संशोधन : मेदाची गरज लक्षात येते

अमेरिकेतील विस्कॉन्सिन विद्यापीठाच्या मॅडिसन येथील एन्झाइम संस्थेत डेव्हिड ग्रीन यांच्या नेतृत्वाखाली या प्रश्नाला औद्योगिक स्वरूपाचे परिमाण मिळाले. हृदय हा अखंड काम करणारा स्नायू असल्याने त्यात तंतुकणिकांची रेलचेल असते आणि कत्तलखान्यातून गुरांची हृदये मोठ्या संख्येने उपलब्ध होत. परिणामी, गाईबैलांचे हृदय हेच दीर्घकाळ तंतुकणिकांच्या संशोधनाचे मुख्य द्रव्य राहिले. याच संस्थेत १९५७ मध्ये फ्रेडरिक क्रेन व सहकाऱ्यांनी सहविकर क्यू शोधून काढले. हा पदार्थ स्वतः मेदात विरघळणारा आहे. श्वसनसाखळीत मेदसदृश पदार्थाचा सक्रिय वाटा असू शकतो, याची ही एक महत्त्वाची खूण होती.

बीडीएच या विकराकडे लक्ष जाण्याची पार्श्वभूमी अशी आहे. १९६० मध्ये लेनिंजर व सहकाऱ्यांनी हे विकर तंतुकणिकांच्या पटलाला घट्ट चिकटलेले असल्याचे नोंदले. त्याच्या पुढील वर्षी, १९६१ मध्ये, मॅडिसन येथील जर्टशुक, सेकुझू व ग्रीन यांनी गाईबैलांच्या हृदयातून हे विकर वेगळे करताना असे दाखविले की, त्याच्या कार्यासाठी लेसिथिनची आवश्यकता असते. लेसिथिन हे नाव अंड्यातील पिवळ्या बलकासाठी असलेल्या ग्रीक शब्दावरून आले असून, फ्रेंच औषधनिर्माता तेओदोर गोब्ले यांनी एकोणिसाव्या शतकाच्या मध्यावर बलकातूनच ते मिळविले होते. रसायनशास्त्राच्या परिभाषेत त्याला फॉस्फॅटिडिलकोलीन म्हणतात. आहारातील एक पौष्टिक घटक म्हणून परिचित असलेला हा पदार्थ एखाद्या विकराला कार्यान्वित करतो, ही बाब त्या काळी अनपेक्षित होती.

१९६२ मध्ये सिडनी फ्लायशर व सहकाऱ्यांनी हाच प्रश्न संपूर्ण श्वसनसाखळीबाबत उपस्थित केला. पाणीमिश्रित ॲसिटोनने त्यांनी तंतुकणिकांतील मेदाचा फार मोठा भाग धुऊन काढला. इलेक्ट्रॉन वाहून नेण्याची क्रिया त्यामुळे बंद पडली. त्यानंतर त्यांनी फॉस्फोमेद व सहविकर क्यू परत मिसळले आणि ही क्रिया पुन्हा सुरू झाली. काढून टाकणे आणि परत घालणे या दोन पायऱ्यांचा हा साधा प्रयोग मेदसंशोधनाच्या पुढील इतिहासाचा नमुना ठरला. एखादा घटक काढल्यावर क्रिया थांबली, एवढ्यावरून त्या घटकाचे महत्त्व सिद्ध होत नाही, कारण काढण्याच्या प्रक्रियेतच प्रथिनाची मोडतोड झालेली असू शकते. तोच घटक परत घातल्यावर क्रिया पूर्ववत झाली, तरच पुरावा पक्का मानता येतो.

१९६७ मध्ये बेका फ्लायशर, सिडनी फ्लायशर व वाल्टर श्टोकेनियस यांनी मेद काढून घेतलेल्या तंतुकणिकांची इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शकीय चित्रे प्रसिद्ध केली. बहुतांश मेद गेल्यानंतरही पटलाची बाह्यरेषा ओळखू येत होती. रूप टिकून राहिले तरी कार्य टिकतेच असे नाही, हे या दोन प्रयोगांच्या तुलनेतून दिसून येते. केवळ चित्रावर विसंबून पटलाच्या कार्याविषयी निष्कर्ष काढणे किती धोक्याचे आहे, याची जाणीव त्यामुळे झाली.

याच काळातील एका अपयशाची नोंद घेणेही आवश्यक आहे. मॅडिसन येथे तंतुकणिकांतून एक ‘रचनात्मक प्रथिन’ वेगळे केल्याचा दावा करण्यात आला होता. पटलाची बांधणी करणारे हे एकच प्रथिन असून ते तंतुकणिकेतील प्रथिनांचा मोठा हिस्सा आहे, असे मानले जाई. १९७० च्या सुमारास मात्र हे प्रथिन म्हणजे प्रत्यक्षात अनेक विकृत झालेल्या प्रथिनांचे मिश्रण असल्याचे दिसून आले. शुद्धतेची खात्री नसताना मांडलेला सिद्धान्त कसा कोसळतो, याचे हे उदाहरण पटलसंशोधकांच्या पिढीला दीर्घकाळ स्मरणात राहिले. मेदाच्या महत्त्वाविषयीचा दावाही याच कसोटीला उतरणे भाग होते.

३. बीडीएचचे शरीरातील कार्य

प्रयोगशाळेतील या घडामोडींचे महत्त्व समजण्यासाठी हे विकर शरीरात काय करते, हे पाहणे योग्य होईल. उपवास, दीर्घ भूक किंवा अनियंत्रित मधुमेह अशा अवस्थेत यकृत मेदाम्लांपासून कीटोन द्रव्ये तयार करते. ॲसिटोॲसिटेट आणि बीटा-हायड्रॉक्सिब्युटिरेट ही त्यांतील दोन प्रमुख द्रव्ये होत. यांपैकी दुसरे द्रव्य मधुमेही रुग्णांच्या मूत्रात असल्याचे १८८४ मध्येच क्युल्झ व मिन्कोव्स्की यांनी स्वतंत्रपणे ओळखले होते. बीडीएच हे विकर एनएडी या सहविकराच्या साहाय्याने या दोन द्रव्यांचे परस्परांत रूपांतर करते. यकृतात ही क्रिया एका दिशेने चालते, तर हृदय, स्नायू व मेंदू यांत विरुद्ध दिशेने चालून त्यातून ऊर्जा मिळते.

दीर्घकाळ कीटोन द्रव्यांकडे केवळ रोगाचे लक्षण म्हणून पाहिले जाई. १९६७ मध्ये जॉर्ज केहिल, ऑलिव्हर ओवेन व सहकाऱ्यांनी पाच ते सहा आठवडे उपवास केलेल्या तीन स्थूल व्यक्तींच्या मेंदूतील चयापचयाचा अभ्यास केला. मेंदूचे मुख्य इंधन ग्लुकोज असले तरी दीर्घ उपवासात त्याची जागा फार मोठ्या प्रमाणात कीटोन द्रव्ये घेतात, असे त्यांना आढळले. माणूस दीर्घ उपासमारीत तग धरू शकतो त्याचे एक महत्त्वाचे कारण या शोधाने पुढे आले. म्हणूनच, ज्या विकराला लेसिथिनशिवाय काम करता येत नाही असे १९६१ मध्ये म्हटले गेले, ते उपासमारीत माणसाला जगविणाऱ्या व्यवस्थेतील विकर होते. लेसिथिनची ही गरज खरी होती की प्रयोगपद्धतीतून निर्माण झालेला आभास होता, याचा निकाल लावणे त्यामुळे अधिकच महत्त्वाचे ठरले.

४. मेदरहित विकराची प्राप्ती

शंका घेण्यास जागा होती. मेदामुळे प्रथिनाचे गोळे होण्याचे टळत असेल आणि सक्रियता हा त्याचा दुय्यम परिणाम असेल, असे कोणी म्हणू शकत होते. मेदाऐवजी उरलेल्या प्रक्षालकाचा प्रभाव दिसत असावा, असाही आक्षेप शक्य होता. या शंका दूर करावयाच्या तर विकर मेद आणि प्रक्षालक या दोहोंपासून मुक्त, एकजिनसी आणि तरीही विद्राव्य स्वरूपात मिळणे आवश्यक होते.

हे कार्य नॅशव्हिल येथील व्हँडरबिल्ट विद्यापीठात फ्लायशर यांच्या प्रयोगशाळेत पार पडले. बॉक व फ्लायशर यांनी १९७५ मध्ये गाईबैलांच्या हृदयातील बीडीएच शुद्ध व मेदरहित स्वरूपात मिळविल्याचे प्रसिद्ध केले. त्यांच्या पद्धतीचे वैशिष्ट्य असे की, विकर पटलातून सोडविण्यासाठी त्यांनी फॉस्फोलायपेज हे दुसरे विकर वापरले. सापाच्या विषात व स्वादुपिंडाच्या रसात आढळणारी या जातीची विकरे फॉस्फोमेदाच्या रेणूतील एक मेदाम्ल तोडतात. ज्या मेदाने बीडीएचला पटलात धरून ठेवले होते त्याचीच अशा प्रकारे मोडणी झाली आणि विकर द्रावणात आले. त्यानंतर स्तंभ-वर्णलेखनाने इतर प्रथिने व उरलेला मेद दूर करण्यात आला.

हाती आलेले प्रथिन शुद्धतेच्या जुन्या कसोटीवर पूर्णपणे उतरत होते, परंतु ते काहीच काम करीत नव्हते. या स्थितीतील विकराला संशोधकांनी जे नाव दिले ते ऐतिहासिक दृष्टीने लक्षणीय आहे. त्याला ‘ॲपोडीहायड्रोजनेज’ म्हटले गेले. ‘ॲपो’ हा उपसर्ग जीवरसायनशास्त्रात सहविकराविना उरलेल्या अपूर्ण विकरासाठी योजला जात असे. तो मेदाविना उरलेल्या प्रथिनाला लावणे याचा अर्थ मेदाला सहविकराच्या पंक्तीत बसविणे असा होता. जो पदार्थ आधीच्या पिढीने धुऊन टाकण्याजोगा मानला, तो आता ज्याच्या अभावी विकर अपूर्ण ठरते असा घटक झाला.

पुढील प्रयोगांची रीत अशी असे. लेसिथिन पाण्यात घालून त्यावर श्राव्यातीत ध्वनितरंगांचा मारा केला जाई. त्यामुळे त्याच्या सूक्ष्म पोकळ पुटिका तयार होत. त्यात मेदरहित विकर मिसळून काही काळ ठेवले जाई. मग हायड्रॉक्सिब्युटिरेट व एनएडी घालून, तयार होणारे एनएडीएच किती प्रकाश शोषते हे ३४० नॅनोमीटर तरंगलांबीवर मोजले जाई. लेसिथिन घातल्यावर विकर सक्रिय होत असे, घातले नाही तर निष्क्रिय राहत असे. फॉस्फॅटिडिलइथेनॉलअमाइन किंवा कार्डिओलिपिन हे तंतुकणिकांतील इतर दोन प्रमुख मेद एकेकटे घातल्यास विकर त्यांना चिकटे, परंतु कार्यान्वित होत नसे. या तीनही मेदांच्या नैसर्गिक मिश्रणात मात्र ते उत्तम काम करी. चिकटणे आणि कार्यान्वित होणे या दोन वेगळ्या घटना आहेत, हा महत्त्वाचा भेद यातून स्पष्ट झाला.

१९७५ मध्ये गाझ्झोटी, बॉक व फ्लायशर यांनी आणखी एक पाऊल पुढे टाकले. लेसिथिन नसेल तर विकर एनएडीएचला धरूच शकत नाही, असे त्यांनी दाखविले. म्हणजे मेदाचा परिणाम थेट सहविकराच्या बंधनापर्यंत पोहोचत होता. १९८२ मध्ये याच गटाने लहान साखळीची, पाण्यात सुट्या रेणूंच्या रूपात विरघळू शकणारी लेसिथिने वापरली. तीही विकराला कार्यान्वित करीत होती. याचा अर्थ असा की, दुपदरी पटल ही चौकट अपरिहार्य नव्हती. लेसिथिनचा रेणू व प्रथिन यांचा नेमका संबंध निर्णायक होता. विकराची जागा पटलात असली तरी त्याची गरज एका विशिष्ट रेणूची आहे, हे या निष्कर्षाचे सार होय.

५. मानवी विकराकडे

येथवरचे जवळजवळ सर्व ज्ञान गुरांच्या हृदयावर आधारलेले होते. मानवी विकराचे शुद्धीकरण त्याच मार्गाने करणे व्यवहार्य नव्हते. शुद्धीकरणाच्या प्रत्येक पायरीवर काही प्रथिन वाया जाते, म्हणून सुरुवातीला ऊतक मोठ्या प्रमाणात लागते. निरोगी मानवी हृदय तशा प्रमाणात मिळत नाही आणि मिळविणे नैतिकदृष्ट्या मान्य होण्याजोगेही नाही. मृत्यूनंतर तंतुकणिकांत झपाट्याने होणाऱ्या बदलांमुळे उपलब्ध ऊतकाचा उपयोगही मर्यादित राहतो.

ही कोंडी पुनःसंयोजित डीएनए तंत्राने फोडली. १९९२ मध्ये अँड्र्यू मार्क्स, ओलिव्हर मॅकइन्टायर, फ्लायशर व सहकाऱ्यांनी मानवी हृदयातील बीडीएचचा पूरक डीएनए वेगळा केला व त्याचा क्रम निश्चित केला. त्यावरून असे दिसले की, हे प्रथिन प्रथम ३४३ अमिनो आम्लांच्या लांबीचे तयार होते. त्यातील आरंभीची ४६ अमिनो आम्ले त्याला तंतुकणिकेत पोहोचविण्याचे काम करतात आणि नंतर छाटली जातात. उरलेल्या २९७ अमिनो आम्लांचे परिपक्व विकर होते. मानवी विकरालाही उत्तम कार्यासाठी फॉस्फॅटिडिलकोलीनचीच विशिष्ट गरज असते, असे याच संशोधनात नोंदले गेले. तीस वर्षांपूर्वी गुरांच्या हृदयात दिसलेली गरज माणसाच्या बाबतीतही खरी ठरली.

अमिनो आम्लांच्या क्रमातून आणखी एक गोष्ट उघड झाली. या विकराचा सुमारे पहिला दोन-तृतीयांश भाग लहान साखळीच्या डीहायड्रोजनेज कुलातील इतर विकरांशी मिळताजुळता आहे. या कुलातील अनेक विकरांना मेदाची गरज नसते. शेवटचा सुमारे एक-तृतीयांश भाग मात्र वेगळा आहे. मेदाशी नाते जोडणारा भाग या शेवटच्या खंडात असावा, असा तर्क त्यामुळे करता आला. २००० मध्ये लोएब-हेनार्ड व मॅकइन्टायर यांनी हा शेवटचा खंड लेसिथिनशी निवडकपणे बांधला जातो असे दाखवून या तर्काला आधार दिला.

दरम्यान १९९६ मध्ये मानवी विकर कीटकांच्या पेशींमध्ये तयार करण्यात आले. मूळ रूपाबरोबरच, ठरावीक अमिनो आम्ल बदललेली रूपेही त्यामुळे मिळू लागली. गुरांच्या हृदयावर काम करताना संशोधकाला निसर्गाने दिलेले एकच प्रथिन उपलब्ध असे. आता हवा तो बदल करून त्याचा परिणाम तपासता येऊ लागला. २००० मध्ये नॅशव्हिल व जर्मनीतील कायझरस्लाउटर्न येथील संशोधकांनी एका नव्या जोड-प्रथिनाच्या रूपात मानवी विकर तयार केले आणि क्रियाशील केंद्राजवळची गंधकयुक्त सिस्टीन अमिनो आम्ले काढून टाकलेल्या रूपांचे लेसिथिनमुळे होणारे कार्यान्वयन अभ्यासले. सिस्टीनवर रसायनांची क्रिया केली की विकर निष्क्रिय होते, हे पूर्वीच्या संशोधनातून माहीत होते. त्यामुळे ही अमिनो आम्ले अत्यावश्यक असावीत, असा समज होणे स्वाभाविक होते. ती नसलेले विकरही लेसिथिनमुळे कार्यान्वित होऊ शकते, हे जनुकीय बदलामुळेच कळू शकले.

या टप्प्यावर ‘मानवी विकर’ या शब्दप्रयोगाचा अर्थही बदलला, हे नमूद केले पाहिजे. ज्या विकराला मानवी म्हटले जाते ते कोणत्याही माणसाच्या शरीरातून आलेले नसते. त्याचा अनुक्रम माणसाचा असतो, निर्मिती परक्या पेशीत झालेली असते आणि त्याला पुरविले जाणारे लेसिथिन बहुधा अंड्याचे किंवा कृत्रिम असते. अशा परक्या परिसरातही त्याने लेसिथिनचीच मागणी करावी, ही बाब मेदाची गरज प्रथिनाच्या अनुक्रमातच कोरलेली असल्याचे सूचित करते. दुसरीकडे, मानवी तंतुकणिकेच्या पटलातील मेदांचे नैसर्गिक मिश्रण आणि शेजारची प्रथिने यांचा परिणाम अशा प्रयोगात पूर्णांशाने उमटत नाही, ही मर्यादाही मान्य करावी लागते.

६. व्यापक संदर्भ

बीडीएचचा इतिहास एकाकी नाही. कार्डिओलिपिन या मेदाची कथा त्याला समांतर आहे. १९४२ मध्ये मेरी पँगबॉर्न यांनी गाईबैलांच्या हृदयातून हा मेद वेगळा केला, तेव्हा त्यांचा हेतू उपदंशाच्या रक्तचाचणीसाठी खात्रीशीर प्रतिजन मिळविणे हा होता. भारतातील रुग्णालयांतही परिचित असलेली व्हीडीआरएल चाचणी याच मेदावर आधारलेली आहे. चाचणीचे साधन म्हणून सापडलेला हा पदार्थ तंतुकणिकेच्या आंतरपटलाचा वैशिष्ट्यपूर्ण घटक असल्याचे पुढे कळले. १९८३ मध्ये नेदरलँड्समधील पीटर बार्थ यांनी मुलांमध्ये हृदय व स्नायू दुर्बल करणाऱ्या एका आनुवंशिक विकाराचे वर्णन केले. १९९६ मध्ये त्याचे जनुक सापडले आणि २००० च्या सुमारास या विकारात कार्डिओलिपिनची घडण बिघडते हे स्पष्ट झाले. प्रथिन जागेवर असूनही मेद बिघडल्यास हृदय आजारी पडते, हे या विकाराने दाखवून दिले.

रचनाशास्त्रातही हाच बदल दिसतो. १९९६ मध्ये जपानमधील शिन्या योशिकावा, त्सुकिहारा व सहकाऱ्यांनी गाईबैलांच्या हृदयातील सायटोक्रोम ऑक्सिडेज या १३ उपघटकांच्या विकराची त्रिमितीय रचना प्रसिद्ध केली. अतिशय काटेकोर शुद्धीकरणानंतर मिळालेल्या त्या स्फटिकांतही काही मेदरेणू प्रथिनाच्या खाचांत ठरावीक जागी बसलेले आढळले. २०१८ मध्ये मानवी डायहायड्रोऑरोटेट डीहायड्रोजनेज या तंतुकणिकेतील दुसऱ्या पटलबद्ध विकरावर प्रसिद्ध झालेल्या संशोधनात, त्याच्या इलेक्ट्रॉन स्वीकारणाऱ्या घटकाच्या बंधनस्थानाला मेद आकार देतात असे दिसून आले. संधिवातावरील लेफ्लुनोमाइड हे औषध याच विकराला रोखते. त्यामुळे मेद व विकर यांचा संबंध हा आता औषधनिर्मितीच्याही विचाराचा भाग झाला आहे.

निष्कर्ष

वरील विवेचनावरून पुढील निष्कर्ष काढता येतात.

पहिला निष्कर्ष पद्धतीविषयीचा आहे. बीडीएचला लेसिथिन लागते हे १९६१ मध्ये लक्षात आले, परंतु ते निर्विवादपणे सिद्ध होण्यास विकर पूर्णपणे मेदरहित अवस्थेत मिळेपर्यंत, म्हणजे १९७५ पर्यंत, थांबावे लागले. ‘रचनात्मक प्रथिना’चा सिद्धान्त अपुऱ्या शुद्धीकरणामुळे कोसळला, तर लेसिथिनचा सिद्धान्त संपूर्ण शुद्धीकरणामुळे टिकला. मेदाचे महत्त्व जाणणाऱ्या संशोधकांनीच मेद सर्वांत कसोशीने काढून टाकला, यात विसंगती नाही. जे नाते सिद्ध करावयाचे ते आधी तोडून पुन्हा जोडता आले पाहिजे, अशी ही शिस्त होती.

दुसरा निष्कर्ष शुद्धतेच्या कल्पनेविषयीचा आहे. सम्नर यांच्या काळात शुद्ध विकर म्हणजे एकटे प्रथिन होते. बीडीएचच्या बाबतीत एकटे प्रथिन हे अपूर्ण विकर ठरले. शुद्धता आणि पूर्णता या दोन गोष्टी वेगळ्या आहेत, हा भेद पटलबद्ध विकरांच्या अभ्यासाने जीवरसायनशास्त्राला दिला.

तिसरा निष्कर्ष अध्यापनाशी निगडित आहे. महाविद्यालयीन पातळीवर तंतुकणिकेतील विकरे अनेकदा बाणांच्या साखळीने जोडलेल्या चौकटींच्या रूपात शिकविली जातात आणि पटल त्यांच्यामागील पार्श्वभूमी म्हणून रेखाटले जाते. बीडीएचचा इतिहास सोबत ठेवल्यास, ती पार्श्वभूमी स्वतः क्रियेत सहभागी असते आणि हे ज्ञान कोणत्या प्रयोगांनी, किती वर्षांत, कोणत्या चुकांना बाजूला सारून मिळाले, हे विद्यार्थ्यांसमोर मांडता येईल. विज्ञानातील निष्कर्षाबरोबर त्याच्या सिद्धतेची वाटही शिकविली गेली, तर ‘शुद्ध’ यासारख्या नेहमीच्या शब्दांकडेही विद्यार्थी अधिक चिकित्सकपणे पाहू लागतील.